बॉक्स सारखा रिस्टार्ट होतोय? ॲपवर ऑफलाइन दिसतंय? आधी हे वाचा (कोंबुचा टेंपरेचर कंट्रोलरच्या ग्राहकांसाठी)

बॉक्स ऑफलाइन दिसला म्हणून कोंबुचा (आंबवलेला चहा) वाया जात नाही, हे आधी सांगतो कारण बरेच फोन त्याच भीतीने येतात. टेंपरेचर सांभाळायचं काम (जार गार पडला की हीटिंग मॅट, गरम झाला की फ्रिज सुरू करायचं) बॉक्सच्या आतच चालतं, त्याला नेट लागत नाही, वायफाय फक्त तुम्हाला मोबाइलवर आकडे दिसावेत म्हणून आहे. त्यामुळे जारपाशी जा, बॉक्सच्या स्क्रीनवर २४ ते २९ डिग्रीच्या मधला आकडा असेल तर बॅच ठीक आहे. लाइट जाऊन रात्रभर जार गार पडला असेल तरी लगेच ओतून देऊ नका, थंडीत फर्मेंटेशन मंदावतं, ऊब मिळाली की परत सुरू होतं. फक्त वर कोरडी, केसाळ बुरशी दिसली तर सगळं टाकायचं, स्कोबीसकट (चहा आंबवणारा जिवाणू-यीस्टचा थर).

आता बॉक्सकडे वळू. पॉवर आधी बघायची, वायफाय नंतर, कारण वायफायचा वाटणारा प्रॉब्लेम पुष्कळदा पॉवरचाच निघतो. आत ईएसपी३२ चिप आहे, ती वायफायवर डेटा पाठवते त्या क्षणी एकदम जास्त करंट ओढते, तिला किमान ५०० मिलीअँपची सोय लागते, शिवाय रिले (मॅट आणि फ्रिज चालू-बंद करणारा स्विच) आणि स्क्रीनचं वेगळं. जुना मोबाइल चार्जर किंवा बारीक, लांब यूएसबी केबल असेल तर तेवढ्यात व्होल्टेज घसरतं आणि चिप स्वतःच रिस्टार्ट घेते. तुम्हाला काय दिसतं, तर स्क्रीन लागते, निळा लाइट लुकलुकतो, परत सगळं पहिल्यापासून. मग लोक राउटरचा पासवर्ड बदलत बसतात आणि त्याचा काहीच उपयोग होत नाही. बॉक्ससोबत दिलेला ५ व्होल्ट २ अँपचा ॲडॅप्टर आणि त्याच्यासोबतची आखूड केबलच लावा, टीव्हीच्या किंवा लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवू नका.

दुसरं, फ्रिज आणि बॉक्सचा ॲडॅप्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर नको. कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो त्याने त्या बोर्डवरचं व्होल्टेज क्षणभर पडतं आणि बॉक्स रिसेट होतो. फक्त फ्रिज सुरू किंवा बंद होतानाच बॉक्स रिस्टार्ट होत असेल तर कारण बहुतेक हेच, ॲडॅप्टर वेगळ्या सॉकेटमध्ये लावून बघा. फ्रिजची तीन पिनांची पिन टू-पिन कन्व्हर्टरमध्ये कधीच घालू नका, अर्थिंग जातं आणि इथे जवळच ओलं काम चालतं.

लाइट आल्यावर फ्रिज लगेच सुरू होत नाही ही तक्रार खूप येते, पण तो बिघाड नाही. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर आतल्या गॅसचं प्रेशर समान व्हायला काही मिनिटं लागतात, त्याआधी सुरू केला तर तो अडकतो आणि गरम होतो, म्हणून आम्ही मुद्दाम ५ मिनिटांचा डिले ठेवलाय. स्क्रीनवर "थांबा" दिसत असेल तर खरंच थांबा, प्लग काढून परत लावला की ती ५ मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात.

पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते तेव्हा अजून एक होतं. लाइट आली की बॉक्स काही सेकंदात उठतो पण राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात, तोपर्यंत निळा लाइट लुकलुकणारच. बॉक्स दर मिनिटाला परत ट्राय करतो, दहा मिनिटं द्या. तरीही नाही जोडलं तर राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झ चालू आहे का बघा, ही चिप ५ गिगाहर्ट्झवर चालतच नाही, आणि नवीन राउटर बसवून गेलेल्या माणसाने कधीकधी फक्त ५ चालू ठेवलेलं असतं. राउटरमध्ये वायफायची सिक्युरिटी (पासवर्ड सुरक्षेचा प्रकार) फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर डब्ल्यूपीए२ पण चालू करा. बॉक्स गेस्ट नेटवर्कवर असेल तर निळा लाइट स्थिर दिसेल पण ॲपला बॉक्स सापडणार नाही, कारण गेस्टवर डिव्हाइसेस एकमेकांना दिसू देत नाहीत. आणि कृपा करून बॉक्स फ्रिजच्या मागे ठेवू नका, पत्र्याने सिग्नल अडतो. बाजूच्या भिंतीवर, जारच्या उंचीपेक्षा वर लावा.

स्क्रीनवर विचित्र आकडा आला तर तोच आकडा तुम्हाला कारण सांगतो. -१२७ म्हणजे सेन्सर जोडलेलाच नाही, वायर तुटली किंवा कनेक्टर सुटला. ८५ वर अडकला असेल तर सेन्सरची पॉवर मध्येच जाऊन येतेय, म्हणजे कनेक्टर ढिला आहे. दोन्ही वेळा बॉक्स स्वतःच मॅट आणि फ्रिज बंद ठेवतो. पावसाळ्यात हे जास्त होतं, वायरवरून थेंब ओघळत कनेक्टरमध्ये शिरतात, म्हणून वायरला कनेक्टरच्या आधी खाली एक झोळ सोडा म्हणजे पाणी तिथेच गळून पडेल. कनेक्टर ओला असेल तर बॉक्सचा प्लग काढून पुसा, पंख्याखाली पूर्ण वाळवा. सेन्सर जारच्या बाहेरून, चहाच्या पातळीच्या खाली टेपने चिकटवायचा, वर जाड कापडाची पट्टी, आत बुडवायचा नाही.

एका बाबतीत मात्र वाट बघू नका. सेट केलेल्या टेंपरेचरच्या वर आकडा जातोय, स्क्रीनवर हीटर "बंद" आहे, तरी मॅट गरमच लागतेय, तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. मॅटचा प्लग सॉकेटमधून काढा, बॉक्सवरचं बटण दाबून काही होणार नाही. तो बॉक्स परत वापरू नका, उघडू पण नका, आत २३० व्होल्ट असतात. रिले आम्ही बदलून देतो.

मेसेज करताना तीन गोष्टी पाठवा: स्क्रीनचा फोटो, ॲडॅप्टरवरच्या छापील मजकुराचा फोटो, आणि सगळं कसं जोडलंय त्याचा एक छोटा व्हिडिओ, त्यात एक्स्टेंशन बोर्ड पण दिसू द्या.