मिसोचा डबा उघडण्याआधी

मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. त्याचा डबा उघडला की बरेच जण आम्हाला फोन करतात: "अहो, याला वास येतोय, बिघडला का?" नाही. लोणचं मुरतं, इडलीचं पीठ फसफसतं, त्याच जातीचा हा वास आहे. आपल्या नाकाला अजून त्याची सवय नाही, एवढंच.

विदर्भात शेतंच्या शेतं सोयाबीनची. पण घरात ते येतं तेलाच्या पिंपातून, नाहीतर सोयाबीन वडीच्या पुड्यातून. जपानी माणसाने मात्र त्याच दाण्याचा रोजच्या जेवणातला पदार्थ केला, तो म्हणजे मिसो. आमच्या डब्यात सोयाबीन, तांदूळ, मीठ आणि कोजी एवढंच आहे. कोजी ही तांदळावर मुद्दाम वाढवलेली बुरशी. बुरशी म्हटल्यावर नाक मुरडू नका, जपानचा सोया सॉसही तिच्यावरच होतो. सोयाबीन शिजवून ठेचायचं, त्यात कोजी चढलेले तांदूळ आणि मीठ कालवायचं, बरणीत दाबून भरायचं आणि वाट बघायची. पांढरा मिसो काही आठवड्यांत तयार होतो, लाल मिसोला वर्षभरही लागतं. या काळात कोजी सोयाबीनमधली प्रथिनं फोडते, त्यातून ग्लुटामिक आम्ल मोकळं होतं. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून हेच वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं. ना आंबट, ना तिखट, पण वरण दुसऱ्यांदा वाढून घ्यावंसं वाटतं, ती चव.

आता तब्येतीचं. मिसो हे औषध नाही आणि आम्ही ते औषध म्हणून विकत नाही. प्रथिनांसाठी तर अजिबात घेऊ नका, चहाच्या एका चमच्यात ती एक ग्रॅमही भरत नाहीत. त्याचा खरा उपयोग मिठाच्या जागी आहे. चमचाभर मीठ पाच-सहा ग्रॅम भरतं, तेवढ्याच लाल मिसोत मीठ पाऊण ग्रॅमच्या आसपास असतं आणि चव मात्र भरपूर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पण वरणात आधी मीठ घालून वर मिसो घातलात, तर हिशोब फसला. बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. सोयाबीनची ॲलर्जी असेल तर डबा तसाच परत आणा.

वापरायचा कसा? वरण गॅसवरून उतरवा, दोन मिनिटं थांबा, वाटीभर वरणात चमचाभर मिसो विरघळवून मग पातेल्यात सोडा. उकळू नका. उकळला की सुगंध जातो आणि आंबवणीतले जिवंत जंतूही मरतात. पातळभाजीलाही हीच रीत.

आमच्या घरी सगळ्यात जास्त चालतं ते भरीत. जपानी लोक वांग्यावर गोडसर मिसो लावून ते भाजतात. आम्ही आपलं वांगं नेहमीसारखं भाजून ठेचतो, लाल मिसो, हिरवी मिरची, कांदा आणि मूठभर सांबार (म्हणजे कोथिंबीर) घालतो आणि भाकरीसोबत खातो. संत्र्यांच्या दिवसांत पांढरा मिसो संत्र्याच्या रसात फेटून काकडीवर घालून बघा. सावजी रश्श्यात मात्र घालू नका. त्या मसाल्याच्या तडाख्यात बिचारा सापडतही नाही.

बाजारातला आयात केलेला मिसो घेताना शाकाहारी मंडळींनी डब्यावरची यादी वाचावी, काही प्रकारांत माशाचा अर्क असतो. आमच्यात नाही.

डबा फ्रिजमध्येच ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात कपाटात विसरलेला आमचाच एक डबा चिंचेच्या कोळासारखा काळपट झाला होता. खाता आला, पण पांढऱ्या मिसोचा गोडवा गेला. वर तपकिरी पाणी सुटलं तर ढवळून घ्या, ते मिसोचंच आहे. झाकण फुगलं तर हळूच उघडा. हिरवी-काळी बुरशी दिसली तर मात्र चव घेऊन बघू नका, डबा दुकानात आणा, बदलून देऊ. चमचा कोरडाच वापरा. रिकामा डबा धुऊन परत आणलात तर पुढच्या खरेदीत दहा रुपये कमी.