कॉईल उलटी आहे की!

धातू किती जवळ आहे ते कॉईलने ओळखणारा एक सेन्सर आम्ही जोडत होतो. स्क्रीनवर त्याच्या कंपनांचा आकडा आला ६.३ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६३ लाख. गणिताने यायला हवा होता २.१. दहावीस टक्के चुकला असता तर कुठेतरी हात घसरला म्हणून सोडून दिलं असतं. पण तिप्पट? शिवाय शेजारी लाल इशाराही होता, 'अ‍ॅम्प्लिट्यूड लो', म्हणजे कंपनात जोरच नाही. बाहेर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जूनचा पाऊस पत्र्यावर कोसळत होता आणि आत टेबलावर आम्ही स्वतः आखून छापून आणलेली, वीस मिलिमीटर व्यासाची, दिसायला अगदी देखणी कॉईल पडली होती.

काम तसं छोटं होतं. मित्राच्या शेडमध्ये एक हायड्रॉलिक प्रेस आहे. त्याचा रॅम, म्हणजे वरून दाब देणारा दांडा, खाली येताना शेवटच्या पाचसहा मिलिमीटरमध्ये नेमका कुठे आहे, एवढंच कळायला हवं होतं. आता बेळगावच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपमधली हवा काय सांगावी! वाळूची धूळ, कूलंटचे शिंतोडे आणि सगळ्यावर तेलाचा एक हात. काचेच्या पट्टीवरच्या रेघा प्रकाशाने वाचणारा सेन्सर इथे लवकरच आंधळा होतो. चुंबकावर चालणाऱ्या सेन्सरला लोखंडी कीस दाढीसारखा चिकटतो. इंडक्टिव्ह सेन्सरला मात्र धूळ काय नि तेल काय, दोन्ही जवळजवळ हवेसारखीच. त्याला दिसतो तो फक्त धातू.

तो कसा दिसतो हे समजायला नळाखाली घागर धरा. पाणी चढत जातं तसा आवाज बारीक होत जातो, आणि आत न डोकावता घागर भरत आली हे स्वयंपाकघरातून कळतं. आपण पाणी मोजत नाही, सूर ऐकतो. या सेन्सरचं काम असंच चालतं. कॉईल आणि कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) एकमेकांना जोडले की ऊर्जा एकीतून दुसऱ्यात आणि परत अशी हेलकावे घेते, तिचा स्वतःचा एक ठरलेला वेग असतो. तोच या सेन्सरचा सूर. कॉईलजवळ धातू आणला की कॉईलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या धातूत विजेचे गोल गोल प्रवाह फिरू लागतात. बदलत्या क्षेत्रामुळे वीज निर्माण होते हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. ती वीज मूळ बदलाला विरोध करते हे लेन्झने १८३४ मध्ये सांगितलं, आणि धातूच्या तबकडीत फिरणारे हे भोवरी प्रवाह फूकोने १८५५ मध्ये दाखवले. विरोधामुळे कॉईलचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातला बदल अडवण्याची तिची ताकद, घटतो आणि सूर चढतो. धातू जितका जवळ, सूर तितका वरचा. सेन्सरची चिप तो सूर मोजते, आणि फार बारकाईने मोजते. काही चिपा २८ बिटांपर्यंतचा आकडा देतात.

पण सूर का बदलला हे चिपला कळत नाही. रॅम जवळ आला, कपॅसिटर तापला, वायरला हात लागला की कॉईलच चुकीची बनली, तिच्या लेखी सगळं सारखंच. पुढचे तीन आठवडे आम्ही याच एका गोष्टीभोवती फिरलो.

चिप बनवणारे सोबत एक तयार बोर्ड विकतात, इव्हॅल्युएशन बोर्ड. त्यावर त्यांची स्वतःची कॉईल असते. स्वतःची लावायची तर ती तोडून बाजूला करायची, त्यासाठी बोर्डावर भोकांची ओळ पाडलेली असते. आम्ही तोडली. मग लक्षात आलं की कपॅसिटरही त्याच तुकड्यावर गेला. (तो न तोडता आपली कॉईल शेजारी जोडणारेही भेटतात. मग दोन्ही कॉईल समांतर येतात, इंडक्टन्स पडतो आणि माणूस दिवसभर डोकं खाजवतो.) आम्ही ३३० पिकोफॅरडचा नवा कपॅसिटर सोल्डर केला, आणि ६.३ चा आकडा आला तो त्यानंतर.

आता या तिप्पटीकडे जरा नीट बघू. सूर हा कॉईलचा इंडक्टन्स आणि कपॅसिटरचा कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे सूर तिप्पट झाला तर तो गुणाकार नऊपट कमी झाला. दोनच शक्यता उरतात. ३३० चा कपॅसिटर खरंतर ३७ चा असावा, नाहीतर हिशेबाने १७ मायक्रोहेन्री इंडक्टन्सची कॉईल प्रत्यक्षात दोनेक मायक्रोहेन्रीची असावी. कपॅसिटर बदलून पाहिला, आकडा तसाच. म्हणजे चोर कॉईलमध्ये.

मल्टिमीटर लावला तर ४.३ ओहम, हिशेबाइतकेच. ट्रॅक कुठे तुटलेला नाही, वेटोळी एकमेकांना कुठे चिकटलेली नाहीत. दोन थरांचा बोर्ड, वर पंधरा वेटोळी, खाली पंधरा, मधोमध एका छिद्रातून दोन्ही जोडलेली. भिंगाखाली धरली तर एक रेघ वाकडी नाही. रात्री अकरा वाजता मित्र म्हणाला, "जाऊ दे, चिपच खराब असेल." नवीन माणसाचा हा आवडता निष्कर्ष, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

माझे मामा खानापूरला मोटर रिवाइंडिंग करतात. उसाच्या पट्ट्यातले पंप, पिठाच्या गिरण्या, पंखे, सगळं त्यांच्या दुकानात येतं. रविवारी गेलो तेव्हा गप्पांत कॉईल दाखवली. चष्मा वर करून त्यांनी ती बल्बसमोर धरली.

"वर घड्याळासारखी आत जाते. बरोबर?"

"होय."

"आणि खाली?"

"तीच आहे की मामा. वरचीच कॉपी खाली टाकली."

मामा हसले. "मग उलटी आहे की रे! एवढं शिकून काय करायलास?"

मला अजून पटलं नव्हतं. त्यांनी कपाटातून होकायंत्र काढलं. स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, भरून झाला की मामा वाइंडिंगला बॅटरीची वीज देतात आणि होकायंत्र आतल्या खाचांवरून फिरवतात. सुई एका पोलला उत्तर दाखवते, पुढच्याला दक्षिण, मग परत उत्तर. कुठे क्रम चुकला तर तिथली एक कॉईल उलटी बसली आहे. ती तशीच सोडली तर मोटर नुसती गुणगुणते, तापते आणि लोड ओढत नाही.

आमची कॉईल त्यांनी कडेवर उभी केली, तोंड पूर्व-पश्चिम. होकायंत्र जवळजवळ चिकटून ठेवलं आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. तीस वेटोळ्यांतून पाव-अर्धा अ‍ॅम्पिअर गेला तर वेटोळ्याच्या मधोमध पृथ्वीच्या क्षेत्राच्या कित्येक पट क्षेत्र तयार व्हायला हवं, सुई गर्रकन वळायला हवी. ती जराशी थरथरली आणि परत उत्तरेकडे गेली.

मग मामांनी एक वायर मधल्या छिद्रापाशी टेकवली, म्हणजे फक्त वरचा थर चालू. सुई फटकन वळली. मग फक्त खालचा. सुई पुन्हा वळली, पण दुसऱ्या बाजूला.

यामागचं कारण बोटाने गिरवून पाहण्यासारखं आहे. वरच्या थरावर प्रवाह बाहेरून आत घड्याळाच्या दिशेने जातो. छिद्रातून खाली उतरल्यावर त्याला आतून बाहेर यायचंय. खालचा आकार वरचीच हुबेहूब नक्कल असेल तर आत जाताना जी वाट घड्याळाची, ती बाहेर येताना उलटी होते. वरचे पंधरा वेढे एका दिशेला ओढतात, खालचे पंधरा दुसऱ्या. मधे दीड मिलिमीटरचा बोर्ड असल्यामुळे दोघे एकमेकांना पूर्णपणे मारत नाहीत, थोडंसं शिल्लक राहतं. आमचे दोनेक मायक्रोहेन्री ते हेच. खालचा थर आरशातल्या प्रतिमेसारखा उलटवून काढायला हवा होता. डिझाइन करताना एक क्लिक राहून गेला होता.

'अ‍ॅम्प्लिट्यूड लो' चं कोडंही इथेच सुटतं. तांब्याचा विरोध तितकाच, पण इंडक्टन्स नवव्या हिश्श्यावर. अशा कॉईलला हेलकावे टिकवायला कितीतरी जास्त करंट लागतो, आणि आम्ही दिलेला करंट चांगल्या कॉईलच्या हिशेबाचा होता. झोपाळा जड झाला आणि धक्का तेवढाच राहिला.

"आता अर्धीच लाव की," मामा म्हणाले. घरी येऊन छिद्रापाशी एक वायर जोडली, एकच थर वापरला. हिशेबाने ४ मेगाहर्ट्झ यायला हवे होते, आले चारच्या किंचित खाली. नवीन बोर्ड यायला आठ दिवस लागले, पण झोप त्या रात्री लागली.

नवीन कॉईलने २.१ दाखवले आणि आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. पण रॅमचा तुकडा जवळ आणला तरी आकडा जेमतेम हलायचा. यावेळी चोर टेबलावरच होता, कॉईल आम्ही लोखंडी व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडली होती! ही चूक फार जुनी आणि प्रतिष्ठित आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कुठे अडकली हे शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल कॉईलचंच यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी शोध एकाच बाजूला करू दिला, आणि गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. कॉईलला गोळी आणि स्प्रिंग यांतला फरक कोण सांगणार? आम्ही व्हाइसऐवजी सागवानी फळीचा तुकडा घेतला. प्रेसवर बसवताना कॉईलमागे वीस मिलिमीटरचा, म्हणजे कॉईलच्या व्यासाइतका, नायलॉनचा ठोकळा दिला.

केबलची गोष्ट दोन वाक्यांत. मीटरभर कोअ‍ॅक्सिअल (जाळीच्या वेष्टणातल्या) वायरचा स्वतःचा कपॅसिटन्स साधारण १०० पिकोफॅरड असतो, तो आमच्या ३३० मध्ये मिसळला की सूर बारा टक्के खाली येतो, आणि वायर हलली की सूरही हलतो. कपॅसिटर थेट कॉईलच्या पायाशी बसवला, बोर्ड प्रेसवरच नेला आणि उरलेली वीतभर वायर पिळून क्लिपने घट्ट बांधली.

खरी मौज बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. रॅमचं तोंड बिडाचं आहे, आणि बेळगावात बिडाला नावं ठेवायची सोय नाही. पण या कामात बीड दोन्हीकडून बोलतं. चुंबकाकडे ओढला जाणारा धातू म्हणून ते इंडक्टन्स वाढवू पाहतं, भोवरी प्रवाहांमुळे तोच इंडक्टन्स घटतो. दोघांच्या ओढाताणीत बदल थोडाच उरतो, वर ऊर्जा मात्र खाऊन टाकतं. मित्राने जेवणाच्या डब्यातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल काढून रॅमच्या तोंडावर चिकटवली. कॉईल तीच, अंतर तेच, आणि आकडा असा पळाला की आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. दोन मेगाहर्ट्झला अ‍ॅल्युमिनियममधला प्रवाह पृष्ठभागापासून साधारण ०.०६ मिलिमीटर खोलीच्या आतच बहुतांश संपतो. त्यामुळे एक मिलिमीटर जाड पट्टी स्क्रूने बसवली की तिच्यामागे बीड आहे की लाकूड, हे कॉईलला कळतच नाही. पट्टी कॉईलपेक्षा थोडी मोठीच घेतली, नाहीतर रॅम जरा बाजूला सरकला तरी तो वर गेला असं वाटतं.

कपॅसिटर मात्र शेवटी बदलावा लागला. पहिला होता एक्स-सेव्हन-आर जातीचा. तापमान बदललं की त्याचं मूल्य पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे जाऊ शकतं. सकाळी नऊला लावलेलं शून्य, प्रेसचं तेल तापलं की दुपारी दुसरीकडेच सापडायचं. सी-झिरो-जी जातीचा तेवढ्याच किमतीला मिळतो आणि अंशामागे दहा लाखात तीसपेक्षा जास्त सरकत नाही. आता दुपारचं शून्य सकाळच्या इतकं जवळ असतं की ऑपरेटरने तक्रार करणं सोडलं आहे.

उलटी कॉईल मामांनी मागून घेतली. खानापूरच्या दुकानात ती खिळ्याला टांगलेली असते. नवीन पोरगा कामाला आला की मामा त्याच्या हातात सेल आणि होकायंत्र देतात, आणि सुई का वळत नाही ते त्यालाच सांगायला लावतात.