लायका, आणि परतीची सोय नसलेलं यान

अंतराळात गेलेला पहिला प्राणी कोणता, असं विचारलं की आपण हटकून 'लायका' या सोव्हिएत कुत्रीचं नाव घेतो. शंभर किलोमीटरच्या वर अंतराळ धरलं, तर तो मान फळमाश्यांचा. फेब्रुवारी १९४७ मध्ये जर्मनांकडून हाती लागलेल्या व्ही-२ रॉकेटमधून अमेरिकेने त्या १०९ किलोमीटरवर नेल्या आणि जिवंत परत आणल्या. मग माकडं गेली, सोव्हिएत कुत्रेही वर जाऊन आले. लायकाचं पहिलेपण पृथ्वीभोवती फिरण्यातलं.

वाद आहे तो तिला पाठवण्याचा. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुतनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह गाजला आणि ७ नोव्हेंबरला रशियन क्रांतीची चाळिशी होती. त्याआधी आणखी काही दणक्यात करून दाखवा, असा वरून हुकूम सुटला. हाताशी जेमतेम चार आठवडे. यान खाली आणायचं तंत्र तयार नव्हतं आणि त्यासाठी थांबायला कुणी राजी नव्हतं. कुत्री मरणार, हे उड्डाणाआधीच ठरलेलं.

मॉस्कोच्या रस्त्यावरून उचललेली ही पाच-सहा किलोची भटकी कुत्री. भटकीच का, तर थंडी-भूक अंगवळणी पडलेली. मादी का, तर ती तंगडी वर करत नाही. अरुंद जागेत तेवढीच सोय. पथकातल्या एका डॉक्टरांनी तिला एकदा घरी नेऊन मुलांबरोबर खेळू दिलं. उड्डाणाच्या तीन दिवस आधी तिला यानात बसवलं. तिथे आडवं होता येई, वळता येत नसे.

३ नोव्हेंबरला यान सुटलं तेव्हा तिची नाडी दुपटीच्याही वर गेली. पुढे केबिन तापत गेली आणि पाच-सात तासांत सगळं थांबलं. जगाला मात्र सांगितलं गेलं, की ती काही दिवस जगली आणि वेदनेविना गेली. खरी हकिकत बाहेर यायला २००२ उजाडलं. एवढं करून मिळालेली माहिती त्या मरणाच्या तोलाची नव्हती, हे त्या पथकातल्याच एकाने १९९८ मध्ये कबूल केलं होतं.

ऑगस्ट १९६० मध्ये बेल्का आणि स्त्रेल्का या सोव्हिएत कुत्र्या दिवसभर फिरून धडधाकट परतल्या. स्त्रेल्काचं एक पिल्लू तर थेट अमेरिकी अध्यक्षांच्या घरी भेट म्हणून गेलं. जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेचा हॅम हा चिंपांझी वर गेला. त्याचं काम, दिवा लागताच दांडी ओढायची, चुकलं की तळपायाला विजेचा झटका. १९६३ मध्ये फ्रान्सने पाठवलेली मांजरी फेलिसेट. काही टपाल तिकिटांवर तिचा चक्क 'फेलिक्स' बोका झाला. तिचा पुतळा स्ट्रासबुर्गमध्ये २०१९ मध्ये उभा राहिला, तोवर छप्पन्न वर्षं उलटली होती.