काउल बसवणे (घरी बांधलेले विमान)

काउल म्हणजे विमानाच्या इंजिनावरचे, हवे तेव्हा उतरवता येणारे कवच. कारखान्यातल्या विमानाला ते जुळवूनच येते. घरी बांधलेल्या विमानाचे, संचातून आलेले असले तरी, इंजिनावर ठेवून, कापून, घासून बसवावे लागते. महाराष्ट्रात घरच्या गच्चीवर विमान बांधणारे म्हणून अमोल यादव सर्वांना माहीत आहेत. त्यांच्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली.

काउल शोभेसाठी असते हा गैरसमज जुना आहे. १९२८ मध्ये अमेरिकेच्या लँगली प्रयोगशाळेत फ्रेड वाइक आणि सहकाऱ्यांनी तारकाकृती (सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेल्या) इंजिनासाठी काउल घडवले आणि इंजिन झाकूनही थंड राहते, वर हवेचा अडथळाही घटतो, हे दाखवले. १९२९ चा कोलियर हा अमेरिकेतला विमानविद्येचा पुरस्कार या कामाला मिळाला.

छोट्या विमानांच्या आडव्या चार सिलिंडरच्या इंजिनात वारा नाकाजवळच्या दोन तोंडांतून शिरतो, सिलिंडरच्या वर दाबाने साठतो, सिलिंडरवरच्या धातूच्या पातळ पात्यांच्या फटींतून खाली उतरतो आणि तळातून निघून जातो. त्याला वळवायला पत्र्याचे आडोसे आणि काउलला टेकणाऱ्या रबरी पट्ट्या असतात. कुठे बोटभर फट राहिली की वारा तिथूनच पळतो आणि सिलिंडर तापत राहतो. तापलेली हवा फुगते, म्हणून बाहेर पडायची वाट आत यायच्या तोंडांहून मोठी ठेवतात.

बसवताना पंख्यामागची स्पिनरची (पंख्याच्या मध्यावरच्या निमुळत्या टोपीची) तबकडी आधी लावतात आणि काउल तिच्यापासून साधारण ६ मिलिमीटर मागे धरतात. इंजिन रबरी गुटक्यांवर टेकलेले असते आणि काही तासांच्या उड्डाणांनंतर किंचित खाली बसते, म्हणून सुरुवातीला स्पिनर काउलपेक्षा थोडा वर दिसला तरी बरोबरच आहे. मागची कड फायरवॉलशी (इंजिन आणि वैमानिकाची जागा यांमधल्या आगरोधक भिंतीशी) जुळवताना टेपच्या रेघेबाहेर कापावे आणि मग पॉलिश पेपरने रेघेपर्यंत यावे. काउल फायबरचे, म्हणजे रेझिन या घट्ट होणाऱ्या द्रवात बसवलेल्या काचतंतूंचे असते; जास्त कापले गेले तर पुन्हा फायबर चढवता येते, पण दोन दिवस जातात.

फायबरमधून उजेड झिरपतो. आतून दिवा धरला की काउल जिला जोडायचे त्या झाकलेल्या पट्टीवरची भोके बाहेरून दिसतात आणि ड्रिल नेमके लागते. इंजिन आणि काउल यांतले अंतर पाहायला कणकेचे गोळे लावून काउल दाबतात आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजतात. गोळे गव्हाच्या कणकेचे हवेत. सोलापुरात घरोघरी असणारे ज्वारीचे पीठ दाबताच तडकते.

सोलापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंच आहे. मे महिन्यात चाळीस अंशांत तिथली हवा सुमारे १५०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. तिथे इंजिनाला थंडावा कमी मिळतो, ताकदही घटते. थंड प्रदेशात चालून जाणारी आडोशाची फट इथे महागात पडते. रेझिनचेही तसेच. दुपारी कपभर मिश्रण कालवले तर ते ब्रशला लागण्याआधी कपातच घट्ट होते, कप हाताला चटका देतो. म्हणून थोडे थोडे कालवावे आणि पसरट भांड्यात ओतावे. पहाटेची वेळ सर्वात बरी.

इंजिन पहिल्यांदा जमिनीवर चालवल्यावर काउल उतरवून आतली बाजू पाहतात. तपकिरी डाग असेल तर सायलेन्सरचा पाइप फार जवळ आहे, आणि चकचकीत घासलेला पट्टा असेल तर तिथे इंजिन टेकते आहे.