कॉन्फरन्सचा तात्पुरता बदल (अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकेतील विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने आपली कॉन्फरन्स (विद्यापीठांचा गट) एका हंगामापुरती सोडून दुसऱ्या कॉन्फरन्समधून खेळणे, याला तात्पुरता बदल म्हणतात. येथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळला जाणारा अमेरिकी खेळ. २०२० साली कोविडमुळे हंगाम होतो की नाही अशी वेळ आली, तेव्हा अशा बदलांच्या अफवांना ऊत आला होता. ज्या संघांची नावे घेतली जात होती त्यांपैकी एकही हलला नाही. मोठ्या संघांपैकी एकानेच हा मार्ग खरोखर धरला, आणि त्याला मुळात सोडायला फुटबॉलची कॉन्फरन्सच नव्हती.

कॉन्फरन्स हा विद्यापीठांचा करारबद्ध गट असतो. वेळापत्रक, पंच आणि गटाचे विजेतेपद त्याच्याकडे असतेच, शिवाय सामन्यांच्या टीव्ही प्रक्षेपणाचे हक्कही सदस्यांनी गटाच्या हवाली केलेले असतात. बिग टेन, पॅक-१२, एसईसी, एसीसी आणि बिग १२ हे त्या वेळचे पाच बलाढ्य गट. नावावर जाऊ नये, कारण बिग टेनमध्ये तेव्हा १४ विद्यापीठे होती. हंगाम खेळवायचा की थांबवायचा हे सर्वांसाठी ठरवणारी एकच राष्ट्रीय संस्था वरच्या पातळीवरच्या फुटबॉलमध्ये नाही. प्रत्येक गटाने आपापले ठरवले, आणि घोळ इथेच झाला.

११ ऑगस्ट २०२० रोजी बिग टेन आणि पॅक-१२ यांनी शरद हंगाम पुढे ढकलला. संसर्गानंतर खेळाडूंच्या हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याची भीती हे त्यामागचे एक मोठे कारण होते. उरलेल्या तीन गटांनी मात्र खेळायचे ठरवले. म्हणजे आयोवा राज्यातच बिग टेनमधल्या आयोवा विद्यापीठाचे मैदान बंद आणि बिग १२ मधल्या आयोवा स्टेटचे चालू, अशी स्थिती झाली. मग ‘पलीकडे जाऊन खेळू’ हा विचार कुणाच्याही मनात यावा यात नवल नव्हते.

सर्वाधिक चर्चा बिग टेनमधल्या नेब्रास्का विद्यापीठाची झाली. निर्णयाच्या आदल्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांनी, बिग टेन खेळणार नसेल तर आम्ही दुसरे पर्याय पाहू, असे उघडपणे सांगितले होते. बिग टेनमधल्याच ओहायो स्टेटचे प्रशिक्षक रायन डे यांचा सूरही तसाच होता. नेब्रास्का २०११ पर्यंत बिग १२ मध्ये असल्यामुळे जुन्या घरी परतण्याची कल्पना चाहत्यांना लगेच पटली. नेब्रास्काच्या लिंकन गावातले मेमोरियल स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक सामन्याला पूर्ण विकले जाते. तिथे शरदात फुटबॉल नसणे म्हणजे काय, हे त्या गावालाच कळावे.

बिग टेनचे आयुक्त केव्हिन वॉरन यांनी मात्र, बाहेर खेळायचे असेल तर सदस्यत्व राहणार नाही, असे स्पष्ट केले. सदस्यत्वासोबत वर्षाला पाच कोटी डॉलरहून अधिक वाटा जात होता, आणि प्रक्षेपणाचे हक्कही गटाकडेच होते. दुसऱ्या कॉन्फरन्सने नेब्रास्काला घेतले असते, तरी ते सामने टीव्हीवर दाखवायचे कुणी, हा प्रश्न उरलाच असता. दोन दिवसांत विद्यापीठाने बिग टेनशी बांधिलकी जाहीर केली आणि विषय मिटवला.

अफवा इतक्या फोफावल्या याचा दोष मात्र चाहत्यांवर टाकता येत नाही. हंगाम पुढे ढकलण्यावर मतदान कसे झाले हे बिग टेनने आधी सांगितलेच नाही. मतदान झाले की नाही याबद्दलही सदस्य विद्यापीठांचे अधिकारी वेगवेगळे बोलत होते. नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी २७ ऑगस्टला गटाविरुद्ध दावा दाखल केला, तेव्हा कुठे ११ विरुद्ध ३ हा आकडा बाहेर आला. विरोधातली तीन मते नेब्रास्का, आयोवा आणि ओहायो स्टेटची होती. वर्षभर मेहनत केलेल्या विशीतल्या मुलांना एवढी साधी माहिती मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली, हे गटाला शोभणारे नव्हते.

१६ सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरवला. रोजच्या चाचण्यांची अट घालून ऑक्टोबरअखेर फक्त गटांतर्गत सामने सुरू झाले. ही चौकट किती घट्ट होती हे लगेच दिसले. संसर्गामुळे विस्कॉन्सिनने ३१ ऑक्टोबरचा सामना रद्द केला, तेव्हा नेब्रास्काने रिकाम्या शनिवारी चॅटनूगा विद्यापीठाला लिंकनला बोलावण्याचा घाट घातला. बिग टेनने परवानगी नाकारली. एका दुपारचा बाहेरचा सामनाही जिथे चालला नाही, तिथे सबंध हंगाम बाहेर काढणे दूरच राहिले.

प्रत्यक्षात बदल केला तो नोत्र डामने. १८८७ पासून स्वतंत्रपणे फुटबॉल खेळणारे हे विद्यापीठ इतर बहुतेक खेळांत २०१३ पासून एसीसीचे सदस्य होते. दुसरे गट आपापल्यातच सामने खेळायचे ठरवू लागल्यावर स्वतंत्र संघाला प्रतिस्पर्धी उरेनात. त्यामुळे जुलैअखेर एसीसीने त्यांना त्या हंगामापुरते सामावून घेतले. अट चोख होती: नोत्र डामच्या घरच्या सामन्यांचे एनबीसी या टीव्ही वाहिनीकडून येणारे पैसेही सर्व १५ विद्यापीठांत वाटायचे. संघाने ७ नोव्हेंबरला क्लेमसनला दुसऱ्या जादा डावात ४७-४० असे हरवले, साखळीत एकही सामना गमावला नाही, आणि १९ डिसेंबरला विजेतेपदाच्या लढतीत त्याच क्लेमसनकडून १०-३४ असा पराभव पत्करला. पुढच्या हंगामात तो पुन्हा स्वतंत्र झाला.

आइस हॉकीतही त्या वर्षी असेच एक उदाहरण घडले. कोणत्याही गटात नसलेल्या ॲरिझोना स्टेटने सबंध हंगाम बिग टेनच्या संघांविरुद्ध, त्यांच्याच मैदानांवर जाऊन खेळला. बिग टेनच्या गुणतक्त्यात मात्र त्यांना धरले गेले नाही.