पाइपवर बंदी, झारीला परवानगी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, आमच्याकडे पाइपबंदी लागू व्हायच्या आधी, मी मागच्या अंगणात दहा लिटरची बादली ठेवली, बागेचा पाइप तिच्यात सोडला आणि फोनवरचं स्टॉपवॉच लावलं. बादली काठोकाठ भरायला ४० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १५ लिटर, तासाला ९००. इंग्लंडमध्ये एक माणूस अंघोळ, फ्लश, कपडे, भांडी, स्वयंपाक आणि पिणं धरून दिवसाला साधारण १४० लिटर पाणी वापरतो. माझा पाइप तासभर सुरू राहिला, तर सहा माणसांचं दिवसभराचं पाणी हिरवळीवर पडतं.

मी इंग्लंडमधल्या रेडिंग शहराच्या कॅव्हरशॅम भागात राहते. थेम्स नदीच्या उत्तर काठावर, आरजी ४ या पिनकोडात. २२ जुलै २०२५ पासून आमच्याकडे पाइपबंदी लागली, म्हणजे नळाला पाइप लावून बागेला पाणी घालायला मनाई. पूल ओलांडून दहा मिनिटं चाललं की गावाचा दक्षिण भाग लागतो आणि तिथे बंदी नव्हती. शहर तेच, नदी तीच, पाणी पुरवणारी कंपनीही तीच. माझी मैत्रीण तिकडे राहते, ती संध्याकाळी निवांत पाइप लावून टोमॅटोला पाणी घालत होती आणि मी झारी घेऊन सात खेपा मारत होते.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तिकडे तर बारा महिने पाऊस! तुम्हाला कसली पाणीटंचाई?"

तिचा प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्यातलं गृहीतक चुकतं. लंडनचा वर्षाचा पाऊस साधारण ६०० मिलीमीटर. पुण्याला त्याहून जास्त पडतो, मुंबईला साडेतीन पटींहून अधिक. इथे पाऊस वारंवार येतो, पण येतो तो थोडा थोडा. आभाळ भरलेलं असणं आणि धरण भरलेलं असणं यांचा संबंध वाटतो तेवढा जवळचा नाही.

तरी खरा प्रश्न वेगळाच आहे. घरातलं बहुतेक पाणी न्हाणीघरात आणि संडासात जातं. वर्षभराचा हिशेब मांडला तर बागेचा वाटा लहानसा निघतो. मग बंदी पाइपवरच का? शॉवरवर का नाही?

याचं उत्तर घड्याळात आहे. पाण्याचं शुद्धीकरण केंद्र चोवीस तास जवळजवळ एकाच गतीने चालतं. ते पाणी उंचावरच्या मोठ्या टाक्यांमध्ये चढवतात. रात्री लोक झोपले की टाक्या भरतात, सकाळी आणि संध्याकाळी उतरतात. हा श्वासोच्छ्वास रोज ठरलेला असतो. शॉवर आणि फ्लश दिवसभर विखुरलेले असतात. पाइपचं तसं नाही. उन्हाळ्यातल्या कडक दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास, ऊन कललं की, हजारो घरांत एकदम पाइप सुरू होतात आणि प्रत्येक पाइप तासाला ९०० लिटर खेचतो. टाकी भरण्याच्या वेगापेक्षा उपसा जास्त होतो. सगळ्यात आधी उंचावरच्या आणि लाइनच्या टोकाच्या घरांचा दाब पडतो, मग नळ कोरडे. धरणात पाणी असूनही!

आणि हे नुसतं पुस्तकी नाही. २०२३ सालचा मार्च इंग्लंडमध्ये खूप ओला गेला होता. तरीही जूनच्या उष्ण लाटेत मागणी इतकी चढली की केंट आणि ससेक्स या परगण्यांत २६ जूनपासून पाइपबंदी आणावी लागली. काही गावांत नळ बंद पडले, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कमतरता होती ती पाणी शुद्ध करून वेळेत पोचवण्याच्या क्षमतेची.

म्हणून मला वाटतं, पाणी वाचवण्याबद्दल बोलताना आपण सगळे लिटर सारखेच धरतो, तिथे गफलत होते. पहाटे तीनचा लिटर आणि संध्याकाळी सातचा लिटर यांची किंमत एक नाही.

आणखी एक फरक आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माझ्या अंघोळीचं पाणी गटारातून सांडपाणी केंद्रात जातं, तिथे त्यावर प्रक्रिया होते आणि ते पुन्हा नदीत येतं. रेडिंग आणि ऑक्सफर्डसारख्या शहरांनी वापरून सोडलेलं पाणी खाली वाहत जातं आणि लंडनच्या पश्चिमेला तेच थेम्समधून उचलून साठवण तलावांत घेतात. कोरड्या उन्हाळ्यात नदीच्या प्रवाहात या परत आलेल्या पाण्याचा वाटा बराच मोठा असतो. म्हणजे फ्लशचं पाणी खर्च होत नाही, उसनं घेतलं जातं. हिरवळीवर टाकलेलं पाणी मात्र गवताच्या पानांतून आणि मातीतून हवेत जातं. ते त्या उन्हाळ्यात त्या नदीला परत मिळत नाही. दुष्काळात नदीचं पात्र आटत असताना हा फरक माशांच्या जिवावर बेततो.

झारीला परवानगी का, हेही आता कळेल. झारी दहा लिटरची. पाइपच्या तासाभराच्या पाण्याइतकं घालायचं तर ९० खेपा. एवढ्या कोणी मारत नाही. माणूस आपोआप ठरवतो की काकडीला हवं, गवताला नको, आणि पाणी मुळाशीच पडतं. ठिबकलाही बहुतेक ठिकाणी सूट असते, मात्र दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आणि टायमर हवा. जळगाव-नाशिकच्या शेतकऱ्याला ठिबक म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको. इथल्या शेजाऱ्यांना मीच समजावून सांगितलं.

२०१० च्या कायद्याने या बंदीत अकरा प्रकारचे वापर येतात. बाग, खासगी गाडी धुणं, मुलांचा फुगवायचा तलाव भरणं, कारंजी, अंगण आणि भिंती धुणं वगैरे. दंड १००० पौंडांपर्यंत. अपंगांना पुष्कळ कंपन्या सूट देतात. आणि बंदी गावाप्रमाणे नसते, पाणीक्षेत्राप्रमाणे असते. कुठली घरं कुठल्या नदी-विहिरींच्या जाळ्यावर आहेत त्यावरून हद्द ठरते. आमच्या पुलाच्या दोन टोकांना दोन नियम होते, ते त्यामुळे.

आता आपल्याकडची रीत पाहा. आपल्याकडे टंचाई आली की पाणीकपात होते. एक दिवसाआड पाणी, किंवा दिवसातून एकाच वेळेला. इथे वापरावर बंदी आणतात, पुरवठा मात्र चोवीस तास चालू ठेवतात. यात भौतिकशास्त्र आहे. नळाच्या लाइनीत दाब असतो तोवर गळती आतून बाहेर होते. दाब गेला की त्याच भेगेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, आणि शेजारी गटाराची लाइन असेल तर काय आत येतं ते सांगायला नको. पाणी सुटल्यावरचा पहिला गढूळ लोट आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

शिवाय कपातीने वापर कमी होतोच असंही नाही. लहानपणी पुण्याच्या वाड्यात आमच्याकडे पिंप, कळशी, हंडा, बादल्या सगळं भरून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी 'पाणी आलं' अशी हाक आली की उरलेलं शिळं पाणी आधी तुळशीला, मग जिन्यावर आणि राहिलं ते मोरीत. त्यात कोणाचा दोष नव्हता. नळ पुन्हा कधी येईल याची खात्री नसलेला माणूस भरून ठेवणारच, आणि ताजं आल्यावर शिळं ओतणारच. गंमत म्हणजे भारतात शहरांसाठीचा निकष माणशी १३५ लिटर आहे, इंग्लंडच्या प्रत्यक्ष वापराच्या अगदी जवळ. पण १३५ हा कागदावरचा निकष आहे, आणि निकष टँकरच्या रांगेत उभा राहत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. म्हणजे माझ्यासारखे पाइप तासभर सुरू राहिले तर साडेपाचशे घरांच्या बागांत जाईल इतकंच पाणी. हा हिशेब मी केला तेव्हा पाइप गुंडाळून शेडमध्ये ठेवला.

वापरावरची बंदी भारतात अगदीच अनोळखी नाही. मार्च २०२४ मध्ये बंगळूरने पिण्याचं पाणी गाड्या धुवायला, बागेला, बांधकामाला आणि कारंज्यांना वापरण्यावर बंदी घातली, दंड ५००० रुपये. मला हा मार्ग पुण्या-मुंबईनेही कपातीच्या आधी आजमावावा असं मनापासून वाटतं. सोसायटीत सकाळी पाइप लावून रांगेने गाड्या धुतल्या जातात, तिथपासून सुरुवात करता येईल.

आमची हिरवळ ऑगस्टपर्यंत पिवळी पडली. शेजारच्या आजींना वाटलं ती मेली. गवत मेलेलं नसतं. पानं वाळतात, पण जमिनीलगतचा कोंब जिवंत राहतो आणि पाऊस आला की पुन्हा फुटतो. उष्ण दिवशी चौरस मीटरभर हिरवळ चार-पाच लिटर पाणी हवेत सोडते. ५० चौरस मीटर म्हणजे रोज २०० लिटरच्या वर. तिला झोपू देणंच शहाणपणाचं.

वाळलेलं गवत कधी कधी काही सांगूनही जातं. २०१३ च्या कोरड्या उन्हाळ्यात स्टोनहेंजला, म्हणजे उभ्या दगडांच्या प्राचीन वर्तुळापाशी, गवतावर पाणी मारत होते, पण पाइप आखूड होता. वर्तुळाच्या एका भागापर्यंत तो पोचेना. तिथलं गवत करपलं आणि तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं की करपलेले डाग ठरावीक अंतरावर आहेत. हजारो वर्षांपूर्वी जिथे दगड उभे होते, त्याच जागा! दगड गेले तरी खालच्या जमिनीची ठेवण बदललेली राहते, तिथे ओल वेगळी टिकते. वर्तुळ कधी काळी पूर्ण होतं का, या जुन्या वादात हा मोठाच पुरावा ठरला.

लोकांचा राग मात्र वेगळ्या गोष्टीवर असतो, आणि तो योग्य आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये रोज सुमारे ३०० कोटी लिटर पाणी गळतं, पुरवठ्याच्या जवळपास एक पंचमांश. २०५० पर्यंत ही गळती निम्मी करायचं ठरलं आहे. दुष्काळात गळती उलट वाढते, कारण लंडनखालची चिकणमाती वाळली की आकसते आणि जुन्या बिडाच्या लाइनी तडकतात. कंपन्यांना जाब विचारलाच पाहिजे. घरातली गळतीही तपासावी. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास कोणी वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर व्हॉल्व्ह गळतो आहे. असा एक संडास दिवसाला २०० लिटरही वाया घालवू शकतो. आवाज येत नाही, म्हणून कळत नाही.

आता आईच्या प्रश्नाचा राहिलेला भाग. आपल्याकडे पाऊस ऋतूने येतो. इथे पाऊस बारा महिने जवळजवळ सारखा असतो, लंडनला महिन्याला सरासरी ४० ते ७० मिलीमीटर, आणि ऋतूने येतं ते ऊन. जुलैत माती आणि झाडं मिळून शंभर मिलीमीटरच्या आसपास पाणी हवेत सोडू शकतात, म्हणजे पडतं त्यापेक्षा जास्त. उन्हाळ्यातला पाऊस वरच्या वितीतच संपतो. जमिनीखाली पाणी मुरतं ते ऑक्टोबर ते मार्च, झाडं झोपलेली असताना. म्हणून इथला दुष्काळ उन्हाळ्यात दिसतो, पण त्याचं बी बहुतेकदा आदल्या कोरड्या हिवाळ्यात किंवा वसंतात पडलेलं असतं.

दक्षिण इंग्लंडच्या खाली खडूचा खडक आहे, शेकडो मीटर जाडीचा. आपला सह्याद्रीचा काळा कातळ पाणी धरतो तो फक्त झिजलेल्या थरात आणि सांध्यांत, त्यामुळे एप्रिलला विहिरी तळ गाठतात. खडूचा खडक बारीक भेगांतून वर्षभर पाझरत राहतो. वेस्ट ससेक्समध्ये चिलग्रोव्ह हाउस इथल्या विहिरीची पातळी १८३६ पासून मोजली जाते. तिच्यात हिवाळ्याची चढण आणि उन्हाळ्याची उतरण दर वर्षी उमटते.

यामुळेच चार सरी आल्या म्हणून बंदी उठत नाही. कोरडी माती आधी स्वतःची तहान भागवते, मगच खाली सोडते. २०२२ मध्ये १९ जुलैला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं, थेम्सचा उगम आटला आणि नदी काही मैल खाली सुरू झाली. आमच्याकडची त्या वर्षीची बंदी २४ ऑगस्टला आली आणि २२ नोव्हेंबरला उठली. तोवर दोन महिने लोक छत्र्या घेऊन फिरत होते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलला २३ ऑगस्ट २०२२ ला लागलेली बंदी एक पूर्ण हिवाळा उलटूनही राहिली. ती उठली २५ सप्टेंबर २०२३ ला, तेरा महिन्यांनी.