बाल्टिमोरच्या भिंतींतले शिसे

एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात फ्रेडी ग्रे हा २५ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना मणक्याला झालेल्या दुखापतीमुळे मरण पावला आणि शहर पेटले. वंशभेद, बेकारी आणि पोलिसी अत्याचार यांवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र त्याच्या कुटुंबाने २००८ मध्ये घरमालकावर भरलेला दावा विसरता येत नाही: भाड्याच्या घरातील रंगाच्या पोपड्यांमुळे फ्रेडी आणि त्याच्या बहिणींना लहानपणीच शिशाची विषबाधा झाली, असे त्यात म्हटले होते.

घरातील शिसेयुक्त रंगावर बाल्टिमोरने १९५० च्या सुमारास बंदी घातली. देशभर ती १९७८ मध्ये आली. परंतु बंदीमुळे जुन्या भिंती बदलत नाहीत. गरीब वस्तीत दुरुस्ती होत नाही, खिडकीची चौकट घासून धूळ पडते आणि रांगणारे मूल ती बोटांबरोबर तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाचे शरीर साधारण दहावा हिस्सा शोषते, लहान मुलाचे निम्म्यापर्यंत. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते.

पुढची प्रक्रिया नीट समजून घेण्यासारखी आहे. शिशाचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, कॅल्शियमच्या आयनासारखाच दोन धन भारांचा असल्यामुळे कॅल्शियमसाठी असलेल्या वाटांनी तो चेतापेशीत शिरतो. वाढत्या मेंदूत चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोड तयार होतात. त्यांतले वापरातले टिकतात आणि बाकीचे छाटले जातात. कोणता जोड टिकवायचा, हे ठरण्यात एनएमडीए नावाच्या ग्राहकाचा, म्हणजे चेतापेशीवर रासायनिक संदेश टिपून दारासारखे उघडणाऱ्या प्रथिनाचा, मोठा वाटा असतो. जोडाच्या दोन्ही बाजूंच्या पेशी एकाच वेळी सक्रिय झाल्या, तरच हे दार उघडते, कॅल्शियम आत येते आणि जोड पक्का होतो. शिसे हे दार अडवते. शिवाय संदेश नसतानाही संदेश पाठवणाऱ्या पेशीतून संदेशवाहक रसायन पाझरू लागते आणि खरा संदेश आला की ते कमी सुटते. अशा रीतीने गोंगाट वाढतो, संदेश क्षीण होतो आणि छाटणी चुकते. लक्ष एकाग्र करणे आणि ऊर्मी आवरणे ही कामे करणारा कपाळामागचा भाग यात विशेष सापडतो.

हेच मूल शाळेत गेल्यावर शिक्षकांना बेशिस्त वाटते आणि रस्त्यावर पोलिसांना धोकादायक. सिनसिनाटी शहरात जन्मापूर्वीपासून पाठपुरावा केलेल्या मुलांमध्ये बालपणीचे रक्तातील शिसे जितके अधिक, तितके पुढे अटकेचे प्रमाणही अधिक आढळले. याचा अर्थ सारी गुन्हेगारी शिशामुळेच होते असा नाही. तसे ठासून सांगणारे लेख अतिशयोक्ती करतात आणि त्यात दारिद्र्य व पक्षपाती पोलीस व्यवस्था या कारणांवर पडदा पडतो. मात्र हे दोष ‘रक्तातच’ असतात, हा वंशश्रेष्ठत्वाचा समज त्याहून घातक आहे.

शरीर ‘शुद्ध’ करणाऱ्या औषधांवर ज्यांचा भरवसा आहे, त्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी पाहावी. बाल्टिमोरसह चार शहरांतील ७८० बाधित बालकांपैकी काहींना सक्सिमर हे शिसे बांधून बाहेर काढणारे औषध आणि काहींना निष्क्रिय गोळी दिली गेली. औषधाने रक्तातील शिसे उतरले, पण बुद्धिमापनात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तोवर मेंदूचे नुकसान बहुधा होऊन गेलेले असते. म्हणून खिडक्या बदलणे आणि भिंती सुरक्षित करणे हे काम मूल रांगू लागण्यापूर्वीच व्हावे लागते.